जिन्याखालची गिरणी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर तुमच्या कंपासपेटीतला तो अंगठ्याएवढा शार्पनर आधी डोळ्यांपुढून काढा. तो माझा लांबचा पुतण्या. मी म्हणजे टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचा, मागचा दांडा गरगरा फिरवायचा, ओतीव लोखंडाचा जुना शार्पनर आहे. माझ्या पोटात तिरक्या दातांचे दोन रूळ आहेत आणि त्याखाली भुसा साठायचा एक खण. अंगावर एके काळी हिरवा रंग होता. जिथे जिथे माणसांची बोटं लागली तिथला तो उडाला, आणि बोटं सगळीकडेच लागली. त्यामुळे मी नक्की कोणत्या रंगाचा, हे आता मलाही सांगता येणार नाही.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडून झाले तेव्हा मला एका तपासनीस बाईंपुढे ठेवलं. त्या डोळे मिटून दांडा फिरवायच्या. आधी करकर, करकर, आणि टोक तयार झालं की एकदम सुर्रर. आवाज बदलला की त्या थांबायच्या आणि मगच डोळे उघडायच्या. माझ्या गळ्यात त्यांनी ‘उत्तम’ अशी चिठ्ठी बांधली. एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही, पण कौतुकाचं एकच वाक्य जन्मभर पुरवून खाणारी माणसं मी पाहिली आहेत. मग शार्पनरला ते का जमू नये?

माझी पहिली नोकरी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात. तिथे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता चरत असे. पण काही वर्षांनी विजेवर चालणारा नवा शार्पनर आला. बटण दाबायचं की काम फत्ते. मला काढून एका खोक्यात टाकलं. शेजारी मोडके स्टेपलर, वाळलेली शाई आणि टोपण हरवलेली पेनं. त्या खोक्यात मी किती दिवस होतो कोण जाणे. खोक्यात दिवस मोजता येत नाहीत.

एके दिवशी विभागातल्या एका ताईंची बदली झाली. जाताना त्या खोक्यात डोकावल्या आणि मला उचलून म्हणाल्या, “हा नेऊ का? मलाही असंच उचलून दुसरीकडे टाकलंय, सोबत होईल.” कोणी नाही म्हटलं नाही. नको असलेल्या वस्तूचा हा एक फायदा असतो.

त्यांची बदली झाली होती नव्या विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात. नाव भारदस्त, खोली जिन्याखाली. छत एका बाजूने उतरतं होतं, मधल्या सुट्टीत डोक्यावरून शेकडो पावलं धडधडत जायची. खोली इतकी अरुंद की टेबल खिडकीला चिकटवूनच ठेवावं लागलं. त्यामुळे आलेल्या माणसाला ताईंच्या समोर बसताच यायचं नाही. शेजारीच बसावं लागायचं. दोघांची तोंडं खिडकीकडे, जणू एसटीच्या बाकावर बसलेत. टेबलाच्या त्या कडेला मला घट्ट आवळलं, पाहुण्याच्या उजव्या हाताशी.

साहेबांनी ताईंना काम असं सांगितलं होतं: “बसा तिथे. कोणी आलं तर मदत करा.” मदत म्हणजे काय, हे बहुधा साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

पहिला महिना फार वाईट गेला. मुलं यायची, दारात घुटमळायची. ताई विचारायच्या, “काय अडचण आहे?” उत्तर यायचं, “काही नाही.” आणि मूल निघून जायचं. मग एका सकाळी एक मुलगी येऊन बसली ती बसूनच राहिली. बोलेना आणि जाईना. ताईंना काही सुचेना. त्यांनी मूठभर पेन्सिली तिच्यापुढे सारल्या आणि म्हणाल्या, “तोवर एवढी टोकं काढ बाळा. माझा हात दुखतोय.” हात अजिबात दुखत नव्हता. मुलीने दांडा फिरवायला घेतला. पहिली पेन्सिल, दुसरी, तिसरी. चौथीला ती माझ्याकडे बघतच म्हणाली, “मला वसतिगृहात झोप येत नाही. घरी आम्ही सातजण एका खोलीत झोपतो. इथे कोणी घोरत नाही.”

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते ताईंना त्या दिवशी पटलं. हात कामात गुंतले की जीभ सैल होते. त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं आणि पेन्सिली द्यायला सुरुवात केली. कोणी आलं की म्हणायच्या, “ये, बस, दळण टाक.” मग स्वतः खिडकीबाहेर बघत, मऊ आवाजात, अधूनमधून एखादा शब्द टाकायच्या. आलेल्याच्या तोंडाकडे मुळीच बघायच्या नाहीत. “समोर बसलं की चौकशी होते, शेजारी बसलं की गप्पा होतात,” हे त्यांचं तत्त्व. संध्याकाळी मुलं गेली की त्या सगळ्या पेन्सिलींची टोकं टेबलावर टिचकन मोडून ठेवायच्या, उद्याच्या दळणासाठी.

भांडारातले कारकून यामुळे चक्रावले होते. एकदा ते स्वतःच आले. “ताई, सगळ्या विद्यापीठाला लागत नाहीत एवढ्या पेन्सिली तुम्हाला लागतात. चावून खाता की काय?”

“मी नाही हो,” ताई म्हणाल्या, “आमची गिरणी खाते.”

तेव्हापासून माझं नाव गिरणी पडलं. शार्पनरसारख्या पुरुषमाणसाला गिरणी म्हणणं मला आधी रुचलं नाही. नंतर सवय झाली.

मित्रांनो, त्या खोलीत मी काय काय ऐकलं म्हणून सांगू. एकजण दोन आठवडे चुकीच्या वर्गात बसत होता. खोली क्रमांक उलटा वाचला होता. ताईंनी त्याला योग्य वर्ग दाखवला तर म्हणे, “पण मला तोच आवडायला लागलाय.” शेवटी त्याचा विषयच बदलून द्यावा लागला. दोघी मैत्रिणी एकाच खोलीत राहून भांडल्या आणि दोघींनी वेगवेगळ्या वेळी येऊन माझ्यापाशी एकमेकींची तीच तीच तक्रार दळली. ताईंनी दोघींना एकाच वेळी बोलावलं आणि मध्ये एकच पेन्सिल ठेवली. कोणाला ग्रंथालयाची इतकी भीती वाटायची की बाहेरच्या बाहेर परत जायचा. त्याला हात धरून नेऊन आणायचं. कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचं, कोणाला समुपदेशक बाईंकडे. कोणाला वरच्या वर्गातला एखादा सोबती लावून द्यायचा, म्हणजे पहिले काही दिवस कॅन्टीनमध्ये एकट्याने बसायला नको. एकट्याने जेवायला लागू नये म्हणून उपाशी राहणारी मुलं किती असतात, हे मी पेन्सिली खात खात ऐकलं आहे.

मुलं आधी त्यांना ताई म्हणायची. पुढे मावशी म्हणायला लागली. एकदा एकाने आजी म्हटलं, तेव्हा त्या दिवसभर घुश्श्यात होत्या आणि दुसऱ्या दिवशी नवीन चष्मा करून आल्या. मी त्यांना ताईच म्हणतो. मी त्यांचं काळ्या केसांचं डोकं पाहिलंय.

त्यांच्याकडे आणखी एक अधिकार होता. कोणाला प्रवेश रद्द करून घरी परत जायचं असेल तर त्या अर्जावर मदत कक्षाची सही लागायची. कोणी असा अर्ज घेऊन आलं की ताई तो वाचायच्या, घडी करून खणात ठेवायच्या आणि सांगायच्या, “माझं सहीचं पेन फक्त शुक्रवारी चालतं. तोवर रोज येत जा, दळण पडलंय.” बहुतेक अर्ज शुक्रवारपर्यंत टिकायचे नाहीत. टिकले, तर त्या मुकाट्याने सही करायच्या. “जायचं त्याला जाऊ द्यावं,” त्या म्हणायच्या, “पण पडून नाही, चालत जाऊ द्यावं.”

आता मी तुम्हाला जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

तोवर माझं वय झालं होतं. रुळांचे दात बोथटले होते, दांडा जड झाला होता. टोक तयार झालं की पूर्वी हाताला हलकं लागायचं, आता तो फरक कळत नसे. कळायचं ते फक्त आवाजावरून. करकर थांबून सुर्रर झालं की मुलं पेन्सिल बाहेर काढायची. कोणाला शिकवावं लागत नसे.

एका मंगळवारी एक सडपातळ मुलगी अर्ज घेऊन आली. पहिल्या वर्षाची, वर्ग सुरू होऊन सहा आठवडे झालेले. त्या वर्षी प्रवेश रद्द करायची शेवटची वेळ शुक्रवारी दुपारी चार होती. चारला कार्यालयाची खिडकी बंद, आणि सोडलेली जागा लगेच यादीतल्या पुढच्या मुलाला. मग परत फिरायचं म्हटलं तरी वाट नाही. ताईंनी नेहमीप्रमाणे अर्ज खणात ठेवला, ती समोर उभी असतानाच शुक्रवारच्या पेनाचं सांगितलं आणि पेन्सिली पुढे सारल्या.

मुलीने दांडा फिरवायला घेतला. करकर, करकर, सुर्रर. मी ती थांबायची वाट पाहिली. ती फिरवतच राहिली. टोक झालं, मोडलं, पुन्हा झालं. आख्खी पेन्सिल माझ्या पोटात गेली आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा हातात राहिला, तेव्हा ती थबकली. तुकड्याकडे पाहिलं आणि दुसरी पेन्सिल घातली. तिचीही तीच गत.

ताई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, “वसतिगृहात बरं आहे ना गं?”

“हं.”

“घरची आठवण येते?”

“हं.”

“वर्गात करमत नाही?”

“हं.”

सगळ्याला एकच हं. संध्याकाळी ताईंनी बशीत पडलेले सात तुकडे पाहिले आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “दुःखात भान राहत नाही पोरीला.” त्यांनी तिचं नाव मौनी ठेवलं.

मित्रांनो, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आयुष्यभर एकच गोष्ट बोलत आलो: झालं, आता थांब. ती गोष्ट न ऐकणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. ते दुःखाने न ऐकणं नव्हतं. दुःखी मुलं मी शेकडो पाहिली, रडत रडतसुद्धा त्यांचे हात वेळेवर थांबायचे. या मुलीच्या कानापर्यंत माझा सुर्रर पोचतच नव्हता. आणि खिडकीकडे तोंड करून बोलणाऱ्या ताईंच्या मऊ आवाजातले शब्दही पोचत नव्हते. पण आम्हा यंत्रांना कळलं तरी सांगायची सोय नाही. मी आपला करकरत राहिलो.

ताईंनी काही कमी केलं नाही. बुधवारी त्यांनी मौनीला एक सोबतीण लावून दिली. मुद्दाम निवडून, अगदी मृदू बोलणारी, पोर बुजू नये म्हणून. दोघी संध्याकाळी आवारात फिरल्या. ती पुटपुटायची, ही हं म्हणायची. गुरुवारी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांच्या खोलीत तर जाड पडदे आणि कुजबुजीचा कायदा. मौनी तिथेही अर्धा तास हं म्हणून आली आणि येऊन माझ्यापाशी बसली. गुरुवारी तिने नऊ पेन्सिली संपवल्या.

“मी हरले,” संध्याकाळी ताई कुलूप लावताना म्हणाल्या. “उद्या सही करावी लागणार.” हे त्या मला म्हणाल्या असं मी समजतो, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मुलीचे वडील तिला न्यायला आले. पत्र्याचे डबे, बादल्या, पन्हाळी करणारे कारागीर. दारातून आत येतानाच त्यांचं डोकं उतरत्या छताला आपटलं.

“आमच्या दुकानातही असंच आहे,” ते म्हणाले, “रोज आपटतो.”

त्यांचा आवाज असा की बाहेरून जाणारे दोघे विद्यार्थी थांबून आत डोकावले. ताईंनी त्यांना बसवलं. मुलगी वसतिगृहात सामान बांधायला गेली होती, तिला वेळ होता. कारागिराला रिकामं बसवेना. बोटं टेबलावर टकटक वाजत होती. ताईंनी सवयीने पेन्सिली पुढे केल्या.

त्यांनी आधी मला खालून वर चाचपलं. “ओतकाम काय सुरेख आहे. असं आता कोण करतं?” माझी छाती फुगली. मग त्यांनी पेन्सिल घातली आणि दांडा फिरवला. करकर, करकर, सुर्रर.

ते थांबले नाहीत.

पेन्सिल पेराएवढी झाली तेव्हा त्यांनी ती बाहेर काढून पाहिली. “संपली की.”

ताईंना हसू आलं. खिडकीकडे बघतच त्या म्हणाल्या, “लेक तुमचीच बरं का. तीही अशीच आख्खी पेन्सिल खाते.”

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. दुसरी पेन्सिल हातात घेतली होती.

ताईंचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्यांनी बशीतल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात विचारलं, “चहा घेणार?”

उत्तर नाही. करकर चालूच.

तेव्हा ताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या आखूड बाजूला, भिंतीच्या सांदीत कशीबशी कोंबली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी कोणाकडे तोंड करून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या दंडाला हात लावून त्या मोठ्याने म्हणाल्या, “चहा घेणार का?”

“घेऊ की. साखर कमी.”

“तुम्हाला कमी ऐकू येतं?”

“आमच्या धंद्यात सगळ्यांनाच,” ते मजेत म्हणाले. “माझ्या वडलांना तर हाक मारून उपयोगच नसायचा. पत्र्याचा तुकडा फेकून मारायचो, मग बघायचे.”

“आणि मुलीला?”

“तिला काय झालंय? एक हाक मारली की हजर.”

“तुमच्या हाकेला पलीकडच्या गल्लीतली माणसंही हजर होतील हो. ती अभ्यास कुठे करायची?”

“दुकानातच. घर म्हणजे दुकानाच्या मागची खोली. आई तिची आजारी असायची, म्हणून लहानपणी झोळीसुद्धा मी माझ्या ऐरणीशेजारीच बांधली होती. हातोड्याच्या ठोक्यांवर झोपायची बघा. ठोके थांबले की रडायची.” हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांचं लक्ष ताईंच्या चेहऱ्याकडे गेलं. मग हातातली पेन्सिल त्यांनी हळूच खाली ठेवली.

“माझ्या हातोड्यानं?” त्यांनी विचारलं. त्या माणसाला इतक्या खालच्या आवाजात बोलता येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

“ते डॉक्टर सांगतील,” ताई म्हणाल्या. “माझ्या खिडकीनं तर नक्कीच.”

तीन वाजून गेल्यावर मौनी आली. तीन जिने पेटी ओढत आणून घामाघूम झाली होती. दाराशी पाठमोरी वाकून ती पेटीची कडी लावत होती. ताईंनी मागून, नेहमीच्या आवाजात विचारलं, “पाणी देऊ?” पोरीने मानसुद्धा वळवली नाही. वडिलांनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

ताईंनी तिला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. “वर्गात शिकवतात ते ऐकू येतं का तुला?”

मौनी आधी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. “ऐकू येतं,” ती म्हणाली. “कळत नाही.”

आणि मग ती बोलायला लागली, हातात एकही पेन्सिल नसताना. मॅडम फळ्याकडे तोंड करून शिकवतात. आवाज येतो पण शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले. बाकीचे भराभर लिहून घेतात. ती शेजारणीचं बघून लिहायला गेली तर शेजारीण वही झाकते. पहिल्या चाचणीत तिने कोरा कागद दिला.

“शाळेत असं नव्हतं?”

“शाळेत गुरुजी बाकांमधून फिरायचे. आणि ओरडायचेच. मला वाटलं, मोठ्या वर्गात आलं की अक्कल कमी पडायला लागते. गावाला एवढं सांगून आलेय. मठ्ठ निघाले हे सांगण्यापेक्षा करमत नाही म्हणून परत जावं.”

ताईंनी चष्मा काढून पुसला. “तीन दिवस मी खिडकीशी बोलत होते गं, तुझ्याशी नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटांवर मोजत सांगायला घेतलं. विद्यापीठाच्या दवाखान्यात दर मंगळवारी कान तपासतात. कानाचं यंत्र लागलं तर तेही मिळवून देतात. पुढचा बाक राखून ठेवता येतो. व्याख्यानाची टिपणं लिहून देणारी मुलं ठरवून देतात. परीक्षेच्या सूचना लेखी मिळतात. “हे सगळं आहे. पहिल्या दिवशी सभागृहात व्यासपीठावरून वाचून दाखवलं होतं.”

“वाचून दाखवलं होतं?” मौनीने विचारलं.

“हो.”

कारागीर एकदा लेकीकडे, एकदा ताईंकडे बघत होते, आणि मग तेच आधी हसले. मग मौनी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ताईंना मात्र हसू आलं नाही. त्या लाल झाल्या होत्या.

पावणेचार झाले. ताईंनी खणातून अर्ज काढला, त्यावर सही केली आणि तो मुलीच्या हातात ठेवला. “शुक्रवारी पेन चालतं म्हटलं होतं, शब्द फिरवणार नाही. खिडकी डावीकडे, वऱ्हांड्याच्या टोकाला. जायचं तर आता जा.”

मौनीने अर्ज वाचला. वडिलांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत.

“मला जमेलच असं नाही,” ती म्हणाली.

“जमेल असं मी म्हणतच नाहीये,” ताई म्हणाल्या. “ऐकू येईल, एवढंच म्हणते. पुढचं तुझं तू.”

ती बराच वेळ अर्जाची एक कड दुमडत राहिली. डोक्यावरून कोणीतरी जिना उतरून गेलं. मग तिने विचारलं, “पुढचा बाक कोणाला मागायचा?”

“आजच्यापुरता कोणालाच नाही. जाऊन बसायचं.”

“शेवटचा तास अजून आहे. सव्वाचारला.”

“मग ही पेटी?” वडिलांनी विचारलं.

“वर न्यायची.”

“तीन जिने?”

“मी खाली आणलीच की.”

तेवढ्यात वऱ्हांड्याच्या टोकाला कार्यालयाच्या खिडकीचं शटर दणकन खाली आलं. बापलेकीने एकदमच मान वर केली. पत्र्याचा आवाज तेवढा दोघांनाही बरोब्बर ऐकू आला.

अर्ज टेबलावरच राहिला होता.

सोमवारी ताईंनी सुताराला बोलावून टेबल कापून आखूड करून घेतलं आणि खिडकीपासून फिरवून खोलीच्या मधोमध ठेवलं. आता आलेलं माणूस त्यांच्या समोर बसू लागलं. कापलेल्या कडेलाच मी होतो. मला सोडवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ताईंनी मला दुसरीकडे बसवायचा प्रयत्न केला, पण नव्या कडेला माझा स्क्रू धरेना. असं माझं काम सुटलं. आता त्या दळण टाक म्हणेनाशा झाल्या. आलेल्या प्रत्येकाकडे तोंड करून आधी विचारायच्या, “माझं बोलणं ऐकू येतंय ना? कळतंय ना?” खरं सांगू का, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं गप्पांना तोंड फोडणारा मी, आणि आता खिडकीत पेपरवेट. पण कशापायी काढलं हेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड राहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मौनी आली, दोन्ही कानांमागे वाटाण्याएवढी यंत्रं लावून. एका चाचणीत नापास झाली होती, दोनांत पास. हे सांगून झाल्यावर तिने मला खिडकीतून उचललं. ताईंनी मला टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरलं, तिने पेन्सिल घातली आणि दांडा फिरवला. एकाच फेऱ्यात तिने हात मागे घेतला.

“हे एवढं करकरतं?” ती म्हणाली. “मला वाटायचं किती शांत यंत्र आहे. म्हणून तर मी रोज येऊन बसायचे.”

ताई खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी मात्र आठवडाभर नाराज होतो.

आता ताई निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या जागी एक तरुण साहेब आहेत, मनाने चांगले. पेन्सिलींचं काम उरलेलं नाही, पण त्यांना आठवण झाली की ते माझ्यावरची धूळ पुसतात. माझ्या खणात अजून थोडा भुसा आहे. त्या आठवड्यातलाही त्यात असेल. तो कोणी रिकामा करू नये असं मला वाटतं, पण केला तरी चालेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं आम्ही सगळेच जुने लोक सांगतो. मीही सांगतो. अधूनमधून तेलाचा एक थेंब घातलात तर उपकार होतील. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. उद्या तुम्ही मोठ्या शाळेत जाल, कॉलेजात जाल, अनोळखी इमारतीत पहिला दिवस काढाल. तिथे काही कळलं नाही तर स्वतःला मठ्ठ ठरवायच्या आधी चार शब्द म्हणून बघा: काय म्हणालात, पुन्हा सांगा. आणि तुमच्या शेजारी बसलेलं कोणी तुमच्या प्रत्येक बोलण्याला नुसतंच हं म्हणत असेल, तर ते मूल शिष्ट आहे, बावळट आहे, दुःखी आहे, असं काहीबाही ठरवून मोकळे होऊ नका. आमच्या ताई किती मायेच्या होत्या, त्यांच्याही हातून चूक झालीच. तुमची खुर्ची जरा त्याच्याकडे वळवा आणि पुन्हा एकदा विचारा.